धर्माच्या गाईचे दात

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो त्याला मुक्तस्रोत म्हणतात, आणि दानधर्माचे सर्वमान्य नियम त्याच्या व्यवहारात उलटे झालेले दिसतात. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, ही शिकवण सर्वश्रुत असली, तरी येथे घेणारा दात मोजून दाढाही तपासतो आणि देणारा मात्र गाय स्वीकारली जावी म्हणून दारात ताटकळत राहतो.

दानाचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे बग रिपोर्ट, अर्थात दोषाची रीतसर नोंद. ‘चालत नाही’ एवढे लिहून तक्रारदार कृतकृत्य होतो. परंतु आवृत्ती कोणती, दोष कोणत्या पायऱ्यांनी उद्भवला, अपेक्षित काय होते आणि घडले काय, हे सांगितल्यावाचून तो दोष दुसऱ्याच्या संगणकावर दर्शन देत नाही. मोझिला प्रकल्पाच्या बगझिला या नोंदप्रणालीत निकालाचे शेरेही ठरलेले आहेत: ‘डुप्लिकेट’ म्हणजे हेच दुःख पूर्वी कोणी तरी मांडले आहे, ‘वर्क्सफॉरमी’ म्हणजे आमच्याकडे चालते, आणि ‘वोन्टफिक्स’ म्हणजे गाऱ्हाणे ऐकले, पण दुरुस्ती होणार नाही.

पॅच, म्हणजे कोडमधील प्रत्यक्ष बदल, देणाऱ्याची परीक्षा याहून कठोर असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, एक ओळ बदलायची झाली तरी तो बदल संबंधित मेंटेनरला, म्हणजे त्या भागाची देखभाल करणाऱ्याला, ईमेलने पाठवावा लागतो. हा मेंटेनर कोण, हे शोधण्यासाठी एक प्रोग्राम आहे, लेखनशैली तपासण्यासाठी दुसरा आहे, आणि हा बदल देण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी ग्वाही ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या ओळीत स्वतःच्या नावानिशी द्यावी लागते. परिणामी एका ओळीच्या दानासोबत परिच्छेदभर दानपत्र जोडले जाते.

या काटेकोरपणामागे माज नसून हिशेब असतो, कारण दाता एकदा देऊन निघून जातो आणि मेंटेनरला, पुष्कळदा बिनपगारी, तो कोड वर्षानुवर्षे पोसावा लागतो. ऑक्टोबर २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंत्या, पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देऊ केल्यावर माहितीपत्रकात एखादे विशेषण घुसडणाऱ्या दानशूरांचा असा पूर आला, की प्रकल्पाची संमती असेल तरच दान मोजले जाईल, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला.

नीट लिहिलेली नोंद मात्र वाया जात नाही, फक्त तिला घाई नसते. फायरफॉक्समधील टूलटिप, म्हणजे माऊस टेकवताच उमटणारी छोटी सूचना, दुसऱ्या प्रोग्राममध्ये गेल्यावरही पडद्यावर रेंगाळते, हा दोष २००२ मध्ये नोंदला गेला आणि २०२३ मध्ये दूर झाला. म्हणून दोषाच्या पायऱ्या सविस्तर लिहाव्यात, हेच श्रेयस्कर. त्या वाचून दुरुस्ती करणारा कदाचित अजून जन्मायचा असेल.