गाडी तापत नाही हो!

नाशिकच्या कुठल्याही गॅरेजात "गाडी तापते" म्हणा, मिस्त्री लगेच बॉनेट उघडतो. "गाडी तापत नाही" म्हटलंत तर तो आधी तुमच्याकडे बघतो, मग हेल्परकडे बघतो आणि चहा सांगतो. अशी तक्रार घेऊन त्याच्या दारात आजवर कुणी आलेलं नसतं.

आमच्या मेहुण्याच्या जुन्या पिकपची तक्रार नेमकी हीच होती. मेहुणा निफाड तालुक्यातला. कोथिंबीर-मेथी भरून रात्री वाशी मार्केटला जाणारा. निफाडची थंडी उभ्या महाराष्ट्राला पेपरातून माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरला की त्याची बातमी होते. मग द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकमधून विहिरीचं कोमट पाणी सुटतं. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद लावायची लगबगही साधारण त्याच सुमाराची. एवढी बडदास्त त्या तालुक्यात जावयाचीही होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. जावयाला मुंबईला जायचं होतं, तर त्याला कोथिंबिरीसोबत पिकपमध्ये घालण्यात आलं.

"हीटर हाये ना दाजी गाडीला!" असं म्हणत मेहुण्यानं अभिमानानं बटण फिरवलं. आवाज झाला. वारंही आलं. बाहेरच्या वाऱ्यापेक्षा ते जरा शिळं होतं, एवढाच फरक. घोटीपर्यंत पाय आपलेच आहेत यावर माझा विश्वास होता, इगतपुरीला तो उडाला. कसारा घाट उतरताना इंजिनाला काम नसतं, त्यामुळे जी काही ऊब होती तीही गेली. शहापूरच्या पुढे स्वेटर काढायची वेळ आली, तेव्हा कुठे हीटरला जाग आली. मागची कोथिंबीर मात्र मजेत होती. तिला असलीच हवा मानवते.

परत आल्यावर नाशिकमधल्या द्वारकेच्या बाजूचा एक वयस्कर मिस्त्री गाठला. त्याच्याकडून कळलं की हीटर म्हणजे काही शेगडी नव्हे. इंजिनाचं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत फिरतं आणि ब्लोअर त्या जाळीवरून वारा केबिनमध्ये ढकलतो. हीटर स्वतः काहीच कमवत नाही. इंजिनाची वाया जाणारी उष्णता मिळाली तरच त्याचं भागतं.

मिस्त्रीनं गाडी बराच वेळ चालू ठेवली आणि जाळीकडे जाणारे दोन्ही पाईप, वैद्यानं नाडी बघावी तसे, बोटांनी चाचपले. दोन्ही चटका देत असतील तर पाणी फिरतंय, खोट वाऱ्याच्या वाटेत. एक गरम, दुसरा गार असेल तर जाळी तुंबली किंवा कॉक बंद. दोन्ही कोमट असतील तर मुळात इंजिनच तापत नाही. आमचा एक कोमट होता आणि दुसरा गार.

"दोन्ही रोग हायेत," मिस्त्री म्हणाला. "वॉल कुठंय याचा?"

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. पाणी साधारण ऐंशी अंशांवर जाईपर्यंत तो रेडिएटरची वाट अडवून धरतो, म्हणून इंजिन लवकर ऊब धरतं.

"त्यो काढला ना मे महिन्यात," मेहुणा म्हणाला. "घाट चढताना गाडी तापत व्हती."

हे ऑपरेशन आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. गाडी तापली की वॉल काढायचा, मग तो दोषी असो वा नसो. आमचा तर निर्दोष होता. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतल्यानं रेडिएटरमध्ये क्षारांचे थर बसले होते, आणि तेच थर हीटरच्या जाळीतही होते. आणखी चौकशीत निघालं की मे महिन्यात घाटात काटा वर गेला की मेहुणा हीटर फुल सोडायचा, म्हणजे तेवढीच उष्णता इंजिनातून बाहेर पडते. ही युक्ती खरी आहे. पण याचा अर्थ असा की या हीटरनं आयुष्यभर इमानेइतबारे चाकरी केली ती चाळीस अंशांत, काचा खाली करून, घामाघूम माणसांसाठी. जानेवारीत त्यानं संप केला तर त्याला दोष कसा द्यायचा?

क्षार म्हटल्यावर मेहुण्याचे डोळे चमकले. "ठिबकच्या नळ्या साफ करायचं अ‍ॅसिड हाये घरी!" मिस्त्रीनं हात जोडले. ते अ‍ॅसिड जाळीत गेलं असतं तर क्षारांबरोबर जाळीही गेली असती. मग मेहुण्यानं द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा रेडिएटरपुढे लावायचं सुचवलं. त्यानं इंजिन तापतं हे खरं, पण घाट चढताना तो काढायचं विसरलं की जास्तच तापतं, आणि मेहुण्याचं विसरणं पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

शेवटी जाळीत उलट्या बाजूनं पाणी सोडलं. सुरुवातीला जे तांबडं, गढूळ निघालं ते मी बघितलं नसतं तर बरं झालं असतं. नवा वॉल बसला, डिस्टिल्ड वॉटर मिसळून कूलंट भरलं, पाईपात अडकलेली हवा काढली.

पुढच्या खेपेला ओझर यायच्या आत केबिन उबदार झाली. मी मफलर सोडला, पाय पसरले. तेवढ्यात मेहुण्यानं स्वतःच्या बाजूची काच पूर्ण खाली केली.

"अरे, हे काय?"

"ऊब आली की झोप येती दाजी," तो जांभई देत म्हणाला. "मिस्तरीला इचारू, फक्त तुमच्याच बाजूला वारं येईल असं काय करता येतंय का."