कार्यशाळेतले वकीलसाहेब

बीडच्या कोर्टात ज्यांची हयात गेली ते वकीलसाहेब रविवारी काळा कोट घरी ठेवतात, पण चालण्यातून तो काढता येत नाही. ‘नवीन फौजदारी कायदे : एकदिवसीय कार्यशाळा’ असं फ्लेक्सवर लिहिलेलं असतं आणि साहेब फाटकातून असे आत येतात, की कार्यशाळेलाच त्यांच्यासमोर तारीख लागली आहे. पत्रिकेवर वेळ दहाची. साहेब साडेअकराला पोचतात आणि तरीही वेळेत असतात, कारण समईजवळची काडी अजून पेटलेली नसते. उपस्थितीच्या वहीत ते पहिली सही स्वतःची करतात आणि दुसरी मित्राची, जो परळीला लग्नाला गेला आहे. दुसऱ्याची सही करणं म्हणजे काय, हे साहेबांना तोंडपाठ आहे. जुन्या कायद्यात चारशे पासष्ट. नव्यात तीनशे छत्तीस. पण हा नवा आकडा त्यांना अजून माहीत नाही. तो शिकायलाच तर आले आहेत.

हा माणूस एकट्या बीडचा नव्हे. अंबाजोगाईत तो जरा साहित्यिक होतो आणि मुकुंदराजांपासून सुरुवात करतो. माजलगावात कालव्याच्या आणि भूसंपादनाच्या केसा त्याच्या बोलण्यात जास्त येतात. आष्टीत त्याचं अर्धं लक्ष नगरकडं असतं. बाकी सगळा एकच.

अशा शिक्षणाची सक्ती आपल्याकडं नाही, हे साहेब कुणी विचारायच्या आत सांगतात. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ साली वकिलांना ही सक्ती केली आणि मग ती बहुतेक राज्यांत पसरली. न्यूयॉर्कच्या जुन्या वकिलाला दर दोन वर्षांनी २४ तास शिकल्याचा हिशेब द्यावा लागतो, कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५ तास. घरी बसून ऐकणारा झोपला तर नाही ना, हे पाहायला व्याख्यानाच्या मध्येच एखादा सांकेतिक शब्द सांगतात आणि नंतर तो लिहून मागतात. हे ऐकून साहेब मनापासून हळहळले होते. “माणसावर एवढा अविश्वास?” आपल्या राज्यात डॉक्टरांनाही पाच वर्षांत तीस गुण जमवल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण मिळत नाही. साहेबांचे डॉक्टर मित्र एकदा यावरून त्यांना टोचून बोलले, तर साहेब म्हणाले, “तुमची चूक स्मशानात जाते डॉक्टर. आमची अपिलात जाते. आन् अपिलाची फी वेगळी असते.”

त्यांचा कायदेशीर मुद्दाही बिनतोड आहे. १९६१च्या अधिवक्ता कायद्याचं सहावं कलम म्हणतं, की राज्याच्या बार कौन्सिलनं परिसंवाद भरवावेत, नामवंत विधिज्ञांची व्याख्यानं ठेवावीत. “भरवावेत, असं लिहिलंय,” साहेब बोट वर करून सांगतात. “वकिलानं शेवटपर्यंत बसावं, असं कुठं लिहिलेलं दाखवा.” २०१०नंतर नव्या पोरांना अखिल भारतीय बार परीक्षा लागली, पण साहेबांची सनद त्याच्या कितीतरी आधीची. त्यांच्या ज्युनिअरनं ती परीक्षा दिली आहे. आपल्या ऑफिसातून ती एकदा दिली गेली म्हणजे सगळ्यांची झाली, असं साहेब धरून चालतात.

सक्ती नाही, तर येतात कशाला? त्याचं उत्तर ते कुठं बसतात त्यात आहे. व्याख्याते न्यायाधीश असतील तर साहेब पहिल्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. चेहरा नजरेत भरला पाहिजे. व्याख्याते प्राध्यापक असतील तर तिसरी रांग. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातले वकील पाचोड, गेवराई करत आलेले असतील तर दाराजवळ, म्हणजे ते निघताना गाडीपर्यंत सोडता येतं आणि आपलं एक अपील त्यांच्या कानावर घालता येतं. विषय कोणता आहे यावरून साहेबांची खुर्ची हललेली कुणी पाहिली नाही.

मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छाऐवजी रोप. प्रमुख पाहुण्यांचा, अध्यक्षांचा, माजी अध्यक्षांचा, नव्यानं नोटरी झालेल्यांचा. पाऊण तास नावंच वाचली जातात. एका नावात ‘ज्येष्ठ’ राहिलं म्हणून मागून कुजबुज होते आणि निवेदक ते नाव दुरुस्तीसह पुन्हा वाचतो. भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमं, नागरिक सुरक्षा संहितेची ५३१ आणि साक्ष अधिनियमाची १७० यांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो.

इथं मात्र साहेबांची बाजू घेतली पाहिजे. १ जुलै २०२४ला त्यांच्यावर जे आलं ते साधं नव्हतं. आकडे ही त्यांची बोलीभाषा होती. गावात भांडण झालं की मोटारसायकलवर बसता बसता फिर्यादीच सांगायचा, “सायेब, तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा तर लागलंच पायजे, चौतीसबी लावा.” आता ते एकशे पंधरा, तीनशे बावन्न, तीनशे एक्कावन्न आणि तीनचं पोटकलम पाच झालं. खुनाचं तीनशे दोन एकशे तीनवर आलं, आणि रिकाम्या झालेल्या तीनशे दोनमध्ये धार्मिक भावना दुखावणारं बोलणं राहायला आलं. एकशे चव्वेचाळीस म्हटलं की पूर्वी जमावबंदी लागायची, बाजार बंद व्हायचा. आता त्या आकड्याखाली बायको पोटगी मागते. चारशे ब्याऐंशीवर गुन्हा रद्द करून घ्यायला खंडपीठात जायचे, आता तोच आकडा अटकपूर्व जामिनाचा. आणि चारशे वीस? संहिताच तीनशे अठ्ठावन्नला संपते. फसवणूक तीनशे अठराच्या पोटकलमात जाऊन बसली आणि राज कपूरच्या सिनेमाचा आकडा कायद्यातून गेला.

पक्षकारांना हे पटवणं आणखी अवघड. धारूरकडच्या एका गड्याला साहेबांनी खुनाच्या खटल्याची फी सांगितली. तो शांतपणे म्हणाला, “सायेब, तीनशे दोनची फी आमाला म्हाईतंय. पर आता एकशे तीन झालंय म्हणं. मंग फीबी तिसऱ्या हिश्श्यावर यायला पायजे का न्हाई?” कोर्टात साहेब कधी निरुत्तर होत नाहीत, त्या दिवशी त्यांनी चहा मागवला.

साहेबांच्या वडिलांच्या पिढीनं याहून मोठी उलथापालथ पचवली होती, हे कुठल्याच व्याख्यानात येत नाही. दंड संहिता १८६०ची म्हणून सगळे दीडशे वर्षांचा इतिहास सांगतात. बीडला ती तेवढी जुनी नव्हतीच. इथं निजामाचं राज्य होतं, त्याचे कायदे वेगळे, कोर्टाची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य गेलं आणि १९५१ साली भारतीय दंड संहिता इथं लागू झाली. म्हणजे बीडमध्ये ती जेमतेम त्र्याहत्तर वर्षं चालली. त्या जुन्या वकिलांनी भाषा बदलली, कलमं बदलली, न्यायाधीश बदलले, आणि कुणी त्यांना कार्यशाळेचं प्रमाणपत्र दिल्याचं ऐकिवात नाही. पेशी, मिसल, वकालतनामा, मुद्देमाल हे शब्द मात्र त्यांनी सोडले नाहीत. ते आजही कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकू येतात.

दुपारच्या सत्रात पुरावा कायदा येतो. व्हॉट्सअॅपचा मेसेज शाबीत करायचा तर नव्या अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. व्याख्याते सांगतात, “शा दोनशे छप्पन.” साहेबांच्या डायरीत नोंद होते : ‘शहा वि. २५६. निवाडा मिळवणे.’ ज्युनिअर ती नोंद पाहतो आणि काही बोलत नाही. पुढच्या महिन्याची त्याची फी अजून ठरायची असते.

पण झोपलेला दिसणारा हा माणूस एका वाक्याला ताडकन जागा होतो. नागरिक सुरक्षा संहितेचं एकशे पाचवं कलम : झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं पाठवायचं. साहेब सरळ बसतात. बीड जिल्ह्यात पंचनाम्याला जे पंच मिळतात त्यांचा साहेबांनी आयुष्यभर उलटतपास घेतला आहे. एकच पंच एकाच दिवशी वडवणीत आणि गेवराईत कसा हजर होता, यावर त्यांची तीन घरं उभी राहिली आहेत, असं त्यांचे विरोधक म्हणतात. आता पंचाच्या जोडीला व्हिडिओ. साहेब उठतात.

“सर, विनाविलंब म्हणजे किती?”

दिवसभरातला एवढा एकच प्रश्न खरा असतो. बाकीचे प्रश्न ‘समजा एक इसम आहे’ इथून सुरू होतात. समजा एक इसम आहे, त्याची समजा शिरूर कासारला साडेचार एकर जमीन आहे, समजा चुलतभावानं बांध कोरला. इसमाच्या विहिरीची खोली आणि मोटारीची अश्वशक्ती सांगून होईपर्यंत सभागृहाला कळून चुकतं, की या इसमाची तारीख मंगळवारी आहे. न्यायाधीश चष्मा पुसतात आणि म्हणतात, “हा विषय माझ्यासमोर येऊ शकतो, तेव्हा इथंच थांबू.” प्रश्नकर्ता समाधानानं खाली बसतो. विषय त्यांच्यासमोर येणार होताच; आता तो आधी येऊन गेला.

मध्येच साहेबांचा फोन वाजतो. पक्षकार ऊसतोडीला कर्नाटकातल्या कारखान्यावर आहे. दसरा झाला की टोळ्या जातात, त्यांच्या तारखा मात्र इथंच राहतात. “सायेब, फडात हाय. मुकादम उचल फेड म्हणतोय, न्हाईतर चेक लावतो म्हणतोय.” साहेब खुर्चीतच वाकून, तोंडावर हात धरून, त्याला तीन मिनिटांत धनादेशाचं एकशे अडतीस, नोटिशीची मुदत आणि वॉरंट निघू नये म्हणून हजेरीमाफीचा अर्ज कसा द्यायचा, हे सगळं समजावून सांगतात. व्यासपीठावर त्याच वेळी कुणीतरी ‘न्याय तळागाळापर्यंत’ या विषयावर बोलत असतं.

जेवणात वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा आणि बुंदी. त्यानंतर प्रमाणपत्रं. साहेब आपलं घेतात आणि परळीला गेलेल्या मित्राचंही घेतात. दोन्ही लॅमिनेट होतात. साहेबांच्या ऑफिसातली अर्धी भिंत अशा कागदांनी भरली आहे, आणि समोर बसलेला पक्षकार ते सगळे सुवर्णपदकं समजतो. साहेब त्याचा समज दूर करत नाहीत. ते त्यांच्या अशिलाच्या हिताचं नाही.

आता सोमवार. त्याच साहेबांनी पिंजऱ्यात उभ्या तपास अधिकाऱ्याला हळू आवाजात विचारलं, “जप्तीचा व्हिडिओ काढला का? कुणाच्या मोबाईलवर? दंडाधिकाऱ्यांकडं कोणत्या तारखेला पाठवला? मधले अकरा दिवस मोबाईल कुठं होता?” अधिकारी वहीत पाहू लागला. दुसऱ्या कोर्टात तासाभरानं साहेब उभे राहिले आणि म्हणाले, की या गुन्ह्याची तारीख जून २०२४मधली आहे, सबब जुनी दंड संहिताच लागू. दोन्ही कायदे आणखी कित्येक वर्षं शेजारी शेजारी चालणार, हे त्यांनी कार्यशाळेच्या आधीच ताडलं होतं. जुनं पुस्तक रद्दीत घालायला निघालेल्या ज्युनिअरला त्यांनी त्यावरून झापलंही होतं.

तेव्हा हा माणूस शिकत नाही, असं म्हणणारे चुकतात. मिसलीत जे उपयोगी पडेल तेवढंच तो शिकतो, आणि ते एकदा ऐकून शिकतो. सक्ती आणली तर तो नियमानं तास भरेल आणि वहीतल्या सह्या वाढतील, एवढंच.

म्हणून आयोजकांना विनंती : पुढच्या वेळी व्याख्यात्यांच्या हाती भाषणाऐवजी निकाल लागलेल्या एखाद्या खटल्याची जुनी मिसल द्या. पंचनाम्यापासून सुरुवात करा आणि सभागृहाला उलटतपास घेऊ द्या. सत्कार ठेवायचेच असतील तर सगळं आटोपल्यावर, पाच वाजता ठेवा. तेव्हा खुर्चीत जे कोणी उरले असतील त्यांना शाल घाला.