साथीला बसलेला गिटारवाला

आयर्लंडमध्ये गावोगावच्या पबांत आठवड्याची एखादी संध्याकाळ वाजवणाऱ्यांची असते. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन माणसं दाटीवाटीनं बसतात आणि नाचाच्या जुन्या धुना एकत्र वाजवतात. या बैठकीला सेशन म्हणतात. तिथला गिटारवाला ओळखायला गिटार बघावी लागत नाही. तो जरा उशिरा येतो, त्याच्या वाद्याच्या खोक्याला वेगळी खुर्ची लागते आणि बसल्याबसल्या खिशांतून सरंजाम निघू लागतो: सूर दाखवणारं चिमट्याचं यंत्र, कापो, तीन वेगवेगळ्या जाडीची पिक. सगळं आणलेलं असतं, फक्त धुना आणायच्या राहिलेल्या असतात. एखादी धून सुरू झाली की तो शेजाऱ्याच्या कानाशी वाकून ‘सूर कुठला?’ असं विचारतो. शेजारी बासरीवाला असतो, त्यामुळे तोंड रिकामं झाल्याशिवाय उत्तर मिळत नाही. एक धून साधारण तीनदा वाजवून न थांबता दुसरीत शिरायचं, असा तिथला रिवाज. त्यामुळे उत्तर अचूक मिळतं, पण ते संपलेल्या धुनेचं असतं. गिटारवाला खचत नाही. धून येत नसली तरी ताल आपल्याला येतो, आणि इतक्या लोकांना तालात ठेवायला कुणीतरी हवंच, अशी त्याची मनोमन खात्री असते. त्याची खरी अडचण त्याच्या हातात नसून या खात्रीत आहे, असं माझं म्हणणं आहे. या संगीतात ताल धुनेच्या पोटातच असतो. तो बाहेरून कुणी आणून द्यावा लागत नाही.

हाताची अडचण असते, पण ती सुटणारी असते. जिग नावाच्या प्रकारात सहा मात्रा, तीन-तीनचे दोन खंड. आपल्या दादऱ्याची मांडणी. गिटारवर त्यासाठी हात खाली-वर-खाली, पुन्हा खाली-वर-खाली असा चालवतात. म्हणजे पहिल्या खंडाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात असे लागोपाठ दोन आघात खालच्या दिशेनं. पॉप गाण्यांवर तयार झालेला हात इथे बंड करतो. त्याला आलटून-पालटून जायची सवय. तसा गेला की दुसरा खंड वरच्या, हलक्या आघातावर सुरू होतो आणि जिग लंगडू लागते. रीलमध्ये आठ बारीक ठोके असतात, तिथे हात सरळ खाली-वर जातो, म्हणून गिटारवाल्याला रील आवडते. तिथे तो रॉकच्या सवयीनं दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असा काही दणका देतो, की फिडलवाली बाई मान वर करून बघते. त्याला ती दाद वाटते. नऊ मात्रांची स्लिप जिग आली की मात्र त्याला अचानक तार मिळवायची आठवण होते. तरीही काही महिने मेट्रोनोम लावून, घरच्यांचे शिव्याशाप खाऊन, हे सगळं जमतं. आणि जमल्यावरही त्या बाईच्या कपाळावरची आठी जात नाही, ही खरी गोष्ट. कारण तिचा ताल तिच्या गजात आहे. डोनेगलचा वादक गज तुटक, जोरकस चालवतो. क्लेअरचा तीच रील निवांत, मागे रेलून वाजवतो. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूक्रा भागात पोल्काला जो झोका मिळतो तो इतरत्र सापडत नाही. गिटारवाल्यानं जो ठेका पाठ केलेला असतो तो यांतल्या कुठल्याच भागाचा नसतो.

इतिहासही याच बाजूनं बोलतो. नाचासाठी एकच फिडलवाला किंवा एकच पाइपवाला बसवायचा, आणि त्याच्या जोरावर घरभर लोकांनी नाचायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कॉर्ड धरून साथ करणं नंतर आलं. स्लायगोचा मायकल कोलमन न्यूयॉर्कला गेला आणि १९२०च्या दशकात त्याच्या फिडलच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या आयर्लंडात परत येऊन तिथल्या वादकांच्या गुरू झाल्या. त्यांतल्या कित्येकींवर पियानोची साथ आहे आणि पियानोवाला धून कुठे वळणार हे न समजून कॉर्डमागे कॉर्ड चुकवत जातो. कोलमनची लय मात्र केसभर ढळत नाही. तालाचा आधार साथीदार देत असता, तर त्या मुद्रिका पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळल्या असत्या.

मग गिटार हवीच कशाला, बंदी घाला, असं कुणी म्हणेल. बंदीची हौस आपल्याकडेही झालेली आहे. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमला दार बंद केलं होतं. त्या वाद्याविरुद्ध लेखणी चालवणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार होता, आणि त्याची बायको मॉड मॅकार्थी आयर्लंडात जन्मलेली व्हायोलिनवादक. म्हणजे साथीच्या वाद्यावरून वाद घालण्याचा आयरिश धागा थेट दिल्लीच्या रेडिओ केंद्रापर्यंत पोचतो. पण बंदीनं काय साधतं? हार्मोनियम मैफलीतून गेली नाही आणि सेशनमधून गिटार जाणार नाही, जाऊही नये. १९७०च्या दशकात बॉथी बँडमध्ये मीहॉल ओ डोनल गिटार वाजवत असे. त्यानं तारा डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावल्या होत्या. ही पद्धत डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाची, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची. डीला षड्ज मानून मोजा: सा प सा म प सा. गंधारच नाही! या धुना कधी शुद्ध गंधाराच्या असतात, कधी कोमल. निषादही कधी असा, कधी तसा. साथीदारानं आधीच गंधार ठोकून दिला, तर धुनेचा स्वभाव त्यानंच ठरवला असं होतं. ओ डोनलनं ते ठरवायचं काम फिडल-पाइपवर सोडलं आणि स्वतः मोकळ्या तारांचा गुंजता आधार ठेवला. शिकागोचा डेनिस काहिल त्याच्याही पुढे गेला. मार्टिन हेझच्या फिडलबरोबर त्यानं १९९७ साली ‘द लोन्सम टच’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्यात तो कधीकधी इतकं थोडं वाजवतो, की गिटार शिकणाऱ्याला क्लासची फी परत मागावीशी वाटेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा सगळा सोवळेपणा झाला, आणि तोही उसना. कॉन्सर्टिना इंग्लंडची. बुझुकी ग्रीसची, ती १९६०च्या दशकात आयर्लंडात आली. पबमधलं सेशन हा प्रकारसुद्धा फार जुना नव्हे; दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला मजुरीसाठी गेलेल्या आयरिश माणसांनी तिथल्या पबांत तो रुजवला. मग एकट्या गिटारवाल्यालाच उपरा का म्हणायचं? हे सगळं मान्य. पण बुझुकी आणणाऱ्यांना धुना येत होत्या, आणि त्यांना खुर्ची मिळाली ती त्या जोरावर. आता धुना म्हणजे किती, तर फ्रान्सिस ओ’नील नावाच्या शिकागोच्या पोलीस प्रमुखानं १९०३ साली छापलेल्या संग्रहातच १,८५० आहेत. (चोर किती पकडले ते त्याचं खातं जाणे.) तेवढ्या पाठ करा असं कुणीच म्हणत नाही. बहुतेक धुनांचे दोन भाग, प्रत्येक आठ मापांचा, प्रत्येक दोनदा; म्हणजे पहिली फेरी नीट ऐकली तर दुसऱ्या फेरीत शिरता येतं. रीलच्या गतीला ही फेरी पस्तीसएक सेकंदांत आटोपते. पण हातात गिटार असताना पस्तीस सेकंद ती न वाजवणं, हे जिगच्या त्या दोन लागोपाठच्या आघातांहून अवघड आहे, आणि ते कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत.

नाचायला दणदणीत ताल लागतोच, असंही गिटारवाला सांगतो. नाचासाठी वाजवणाऱ्या केली बँडमध्ये पियानो आणि ड्रम असतात हे खरं. १९३५च्या कायद्यानं सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा केला, घरगुती नाचांवरही गदा आली, नाच मोठ्या सभागृहांत गेले आणि तिथे आवाज मोठा लागू लागला. पण सेशनमध्ये नाचतं कोण? आणि क्लेअरमध्ये सेट नाचणारे उभे राहतातच, तेव्हा ते बुटांच्या टाचांनी फरशीवर असा ताल काढतात, की गिटारवाल्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

इतकं सगळं पचवून जो टिकतो, तो काही वर्षांत चांगला साथीदार होतो, आणि नेमका तोच पुढे नव्या गिटारवाल्यांचा सर्वांत कडवा विरोधक बनतो. त्यात आकसाइतकंच शास्त्रही आहे. एकाच सुरावर एकजण जी मेजर धरेल, दुसरा ई मायनर. दोन्ही बरोबर, एकत्र वाजली की चिखल. म्हणून सेशनमध्ये एका वेळी एकच गिटार, हा संकेत तो आलेल्या पोराला मोठ्या मायेनं समजावून सांगतो. पोरगा गिटार खोक्यात ठेवतो, आणि तेवढ्यात दारातून बाउरान नावाचा चामड्याचा डफ काखेत मारून तिसराच कुणीतरी आत येतो. हे वाद्य वाजवायला सर्वांत उत्तम साधन चाकू, हा शेमस एनिस या थोर पाइपवादकाच्या नावावर सांगितला जाणारा विनोद मग गिटारवाला इतक्या तत्परतेनं सांगतो, जणू तो त्याच्यासाठी कधी वापरलाच गेला नव्हता.