पुतिनसाहेब, कोगनोळी नाक्यावरून या

सीमाप्रश्न या विषयात आम्हा निपाणी-बेळगावकरांना जगात कुणाकडून शिकायचे राहिलेले नाही. 1956 पासून आमची पीएचडी चालू आहे. गाइड तेवढे बदलतात. म्हणून 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसले आणि ‘पलीकडच्या रशियन भाषकांवर अन्याय होतोय’ हे कारण कानावर आले, तेव्हा निपाणी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर एकाने कप आपटलाच. ‘‘ह्याला म्हणत्यात कैवार! न्हाईतर आमचं मुंबईवालं बघा.’’

मुंबईवाल्यांवर हा अन्याय आहे. त्यांनीही मोहीम आखली होती. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्राचे दोन समन्वयक मंत्री बेळगावला यायचे होते. तारीख 3 ठरली, मग 6 ठरली, मग दौराच लांबणीवर पडला. 6 तारखेला मंत्री आले नाहीत. हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड मात्र आले. पुढे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगाव अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी कोल्हापूरकडून निघालेले नेते कोगनोळीजवळ पोलिसांनी अडवले. कीव्ह तीन दिवसांत पडेल म्हणणारे तरी कुठे खरे ठरले? फरक इतकाच, की आमच्याकडे मोहीम फसली तर माणसे जेवायला घरी जातात.

पुतिन यांचा कामाचा उरक मात्र मानला पाहिजे. 16 मार्च 2014 ला क्रिमियात सार्वमत, सुमारे 97 टक्के कौल, 18 ला करारावर सही. बंदूकधारी शेजारी उभे असले की मोजणी झटपट होते. आमच्याकडे महाजन आयोगाने 1967 मध्ये अहवाल दिला, तो महाराष्ट्राने नाकारला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. 2005 मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. ज्या 2014 मध्ये क्रिमिया रशियाच्या नकाशात गेला, त्याच वर्षी आमचे बेळगाव सरकारी कागदावर ‘बेळगावी’ झाले. दोन्ही ठिकाणी नागरिकांना बातमी पेपरातूनच कळली.

आता या कैवाराचे फळ बघा. मारिउपोल आणि खारकीव्ह ही बहुतांशी रशियन बोलणारी शहरे. सर्वांत जास्त बॉम्ब ज्या शहरांनी खाल्ले, त्यांत ही दोन. ज्या झेलेन्स्कींच्या तावडीतून रशियन भाषकांना सोडवायचे होते, त्यांची मातृभाषाही रशियनच. युक्रेनचे सरकार अगदी धुतल्या तांदळाचे होते असे नाही. 2019 च्या भाषा कायद्याने दुकानदाराने गिऱ्हाइकाशी आधी युक्रेनियन बोलावे असे ठरले. पाटीवर कन्नड किती टक्के हे मोजणाऱ्या गावातल्या माणसाला त्यातली कुरकुर लगेच समजते. पण पाटीच्या तक्रारीवर उपाय म्हणून आख्खी गल्लीच पाडायची, हे खडकलाटच्या भावकीतसुद्धा कुणाला सुचलेले नाही.

राहिला लष्कराचा विषय, आणि त्यावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात बोलायचे म्हणजे जपून. आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांना रशियाच्या लष्करी सुधारणा समजावून सांगितल्या. 2007 मध्ये संरक्षणमंत्री झालेले सेर्द्युकोव्ह एकेकाळी फर्निचरच्या धंद्यात होते; त्यांनी अधिकाऱ्यांची संख्या छाटली, आणि 2012 मध्ये खात्यातल्या मालमत्तांच्या घोटाळ्यात त्यांचीच खुर्ची गेली. त्यांच्या जागी आलेले शोइगू शिक्षणाने स्थापत्य अभियंता. त्यांनी सैनिकांच्या पायाला गुंडाळायच्या फडक्यांऐवजी मोजे दिले. 2024 मध्ये आले बेलोउसोव्ह, ते अर्थतज्ज्ञ. सुभेदारांनी सगळे ऐकून घेतले. ‘‘म्हणजे सुतार झाला, गवंडी झाला, आता दिवाणजी आला. शिपाई कधी येणार?’’

मोज्यांचे काय झाले ते 2022 मध्ये दिसले. कीव्हकडे निघालेला सुमारे 64 किलोमीटरचा ताफा रस्त्यातच अडकला. शेपूट निपाणीत धरले तर तोंड काकतीच्या अलीकडे येईल. त्याच दिवसांत, 27 फेब्रुवारीपासून, बेळगावात भारतीय आणि जपानी सैनिकांचा ‘धर्म गार्डियन’ सराव सुरू होता. तो ठरलेल्या दिवशी संपला. मग रशियाला माणसे कमी पडू लागली आणि नोकरीच्या नावाखाली भारतातली पोरे तिकडे नेली गेली. त्यांत आमच्या कर्नाटकातल्या कलबुर्गीचेही तरुण होते. जानेवारी 2025 मध्ये भारत सरकारने आकडा दिला: रशियन सैन्यात 126 भारतीय, त्यांतले 12 मृत. इथे अग्निवीराची चार वर्षे पुरत नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्या पोरांना दलाल कुठली स्वप्ने विकत असतील, याची कल्पना भरतीच्या रांगेत उभे राहिल्यावर येते.

पश्चिमेच्या शब्दाचीही तीच गत. 1994 मध्ये बुडापेस्टला युक्रेनने अण्वस्त्रे सोडली आणि बदल्यात ‘तुमच्या सीमांचा आदर राखू’ असा कागद घेतला. त्यावर अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियाची सही आहे. आश्वासनांची पेटी आमच्याकडेही भरलेली आहे, सह्यांचे अक्षर मात्र आमच्याकडचे जास्त वळणदार.

आणि ठराव! 2022 च्या सप्टेंबरअखेर पुतिन यांनी खेरसोनसह चार प्रांत रशियात ‘कायमचे’ घेतले. 11 नोव्हेंबरला खेरसोन शहरातून त्यांची फौज निघून गेली. त्याच डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही न देण्याचा, आणि महाराष्ट्राने 865 गावांचा इंच न् इंच घेण्याचा ठराव केला. दोन्ही एकमताने. दोन्ही ठरावांनंतर कोगनोळीच्या शेतकऱ्याचा बांध होता तिथेच आहे.

तेव्हा दोन्ही बाजूंच्या कैवाऱ्यांना एक विनंती. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, ही सीमाभागाची जुनी मागणी आहे. पुढच्या ठरावाआधी उताऱ्याची एक नक्कल मराठीतून मिळवून द्या. इंचांचे नंतर बघू.