पहिली लिपी, दुसरी लिपी

पाचवीला इंग्रजी सुरू होण्याच्या काळात शिकलेल्या पिढीला लिप्या चार आणि त्या गिरवायला चाररेघी वही. पहिली लिपी म्हणजे कॅपिटल, एवढं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. ती वापरायची कुठे, हे अर्ध्या वर्गाला दहावीपर्यंत कळलं नाही. उरलेल्या अर्ध्याला त्यानंतरही नाही.

या उरलेल्यांतले अण्णा पुढे हेडक्लार्क झाले. देवनागरीत शिरोरेषेखाली सगळे एका पंगतीला, इंग्रजीत मानपान. म्हणून त्यांनी स्वतःचा नियम काढला: ज्याला मान द्यायचा, त्याचं पहिलं अक्षर मोठं. रजेच्या अर्जात साहेब कॅपिटल, आजारी सासूबाई कॅपिटल आणि रजा मिळवून देणारा तापही कॅपिटल.

अण्णा सव्वादोनशे वर्षं उशिरा जन्मले, एवढंच. अठराव्या शतकात इंग्रजीतली कितीतरी साधी नामं अशीच ताठ उभी असत. अमेरिकेच्या 1776 सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जीवन, स्वातंत्र्य आणि सुख मोठ्या अक्षरांनी सुरू होतात. सुखामागची धावाधाव मात्र लहान. इंग्रजीनं ही सवय पुढे सोडली. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नामाला हा मान मिळतो, मग तो राजा असो की बटाटा.

आताचे नियम अण्णांना जावयाच्या मर्जीसारखे वाटतात. सोमवार मोठा, उन्हाळा लहान. पोलंडचा माणूस मोठा, बुटाचं पॉलिश लहान, स्पेलिंग तेच. 'माझे काका' म्हटलं की काका लहान, नुसतं 'काका' म्हणून हाक मारली की मोठे. जेम्स वॅट मोठा, त्याच्या नावाचं एकक अक्षरी लिहिलं तर लहान, त्याच एककाचं एकाक्षरी चिन्ह पुन्हा मोठं.

आणि 'मी' कायम मोठा, 'तुम्ही' लहान! हा साहेबाचा माज, असं अण्णांचं ठाम मत. खरी गोष्ट हस्तलिखितांच्या काळातली: एकटं पडलेलं लहान 'आय' ओळीत हरवायचं, म्हणून ते हळूहळू उंच होत गेलं.

'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणजे वरच्या आणि खालच्या कोर्टातली प्रकरणं, असंही अण्णा बरीच वर्षं धरून होते. प्रत्यक्षात छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत ठेवत आणि लहान अक्षरांचे खालच्या; नावं त्यावरून पडली.

2016 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं इंटरनेटचं मोठं अक्षर काढून घेतलं. अण्णा हळहळले. चौकशीविना पदावनती!

त्यांची नात तर मेसेजमध्ये 'आय'सुद्धा लहान लिहिते. अण्णांनी टोकलं, तेव्हा तिनं अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांचा दाखला दिला. वाचकाचं लक्ष आपल्यापेक्षा लेखनाकडे जावं म्हणून या बाईंनी स्वतःचं नाव मुद्दाम लहान अक्षरांत लावलं होतं.

अण्णा गप्प झाले. चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"बरोबर असेल तुझं," ते म्हणाले. "पण मंजुरी कोणी दिली? त्या आदेशाची प्रत दाखव."