झोपेचा काढा निघत नाही

थंडी पडली की इंदूरच्या घराघरांत काढ्याचं पातेलं चढतं. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेली ही यादी आता लहान मुलांनाही पाठ आहे. सकाळी चमचाभर च्यवनप्राश, रात्री हळदीचं दूध. चांगलंच आहे, जरूर घ्या. पण काल रात्री बारा वाजता आपण कुठे होतो?

सराफ्यात. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया तापतात. हिवाळ्यातला गराडू म्हणजे सोललेल्या कंदाच्या फोडी. त्या कडक तळायच्या, वर झणझणीत मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं. मग दहीवडा, मग जिलेबी, वर रबडी. घरी पोचायला एक. शेजारी पेंगणाऱ्या पोराची शाळेची बस सकाळी सातला.

चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. शरीराच्या तीन आधारांत चरकाने आहाराशेजारी झोपेला बसवलं आहे. तिसरा आधार संयमाचा. रोगाशी झुंजण्याच्या ताकदीला त्याने ‘व्याधिक्षमत्व’ म्हटलं. ही ताकद रोजच्या जेवण्या-झोपण्यातून येते. बाटलीतून आयती मिळत नाही.

आजचं विज्ञान वेगळं सांगत नाही. अमेरिकेत 164 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिले. 2015 साली निष्कर्ष आले: सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक. झोपेची ही तूट कुठला काढा भरून काढणार?

उलट ‘आयुर्वेदिक आहे, अपाय कसा होईल?’ म्हणत जो तो स्वतःचा वैद्य झाला, तेव्हा काय झालं तेही आठवा. कोरोनाच्या काळात लोकांनी महिनोन्‌महिने मनाने गुळवेल घेतली. 2022 साली देशभरातल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं. वाद कुणीही जिंको. वेल ओळखता येत नाही, मात्रा ठाऊक नाही, तर ती घ्यायची कशाला? आपल्या गावात लोकमान्यनगरला सरकारी अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे जाऊन विचारा. आणि कावीळ, मधुमेह, संधिवात असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगा.

सराफा सोडा, असं मी म्हणणार नाही. पाहुणे आले की न्यावंच. तो आपला मान आहे. पण दर शनिवारी नको. गराडू घरी तळा आणि संध्याकाळी सातला खा. दही दुपारच्या ताटात घ्या. थंडीत भूक चांगली लागते, तेव्हा बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, तूप पोटभर खा. आवळा तर आत्ताच बाजारात ताजा मिळतो. रात्रीचं जेवण आठच्या आत उरका.

आणि दहाला दिवा मालवा. मुलांना लागणारं पहिलं औषध ते आहे, आणि ते फक्त आईबापच देऊ शकतात.