कारणीभूत इसम

ज्यांच्या घरी चहापूर्वी हातात भिंग दिले जाते आणि ज्यांचे क्षेमकुशल विचारले असता माशांची प्रकृती कळते, असे एखादे गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात असतातच. माझ्या वाट्याला तात्यासाहेब आले. नायब तहसीलदारीतून निवृत्त होताना त्यांनी कचेरीच्या किल्ल्या मुकाट्याने परत केल्या, मात्र पंचनाम्याची सवय तेवढी घरी आणली. मुंबईला 1951 साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय त्यांनी शाळेच्या सहलीत पाहिले होते. तो समुद्र त्यांनी उतारवयात ठाण्याच्या दिवाणखान्यात चार फुटी काचपेटीत, दर लिटरास सुमारे 35 ग्रॅम खास मीठ विरघळवून, स्थापन केला.

पहिल्याच महिन्यात वाळूवर तपकिरी थर धरला. नव्या पेटीतील सिलिकेटवर पोसणारे हे डायॅटम बहुधा आपोआप ओसरतात, असे दुकानदाराने परोपरीने सांगूनही तात्यासाहेबांनी ‘वाळूवरील अतिक्रमण’ या मथळ्याखाली रीतसर पंचनामा केला आणि पंच म्हणून माझी सही घेतली. थर गेला, सही राहिली. मग खडकांवर केसाळ हिरवे शेवाळ माजले : पंचनामा, सही. मग गोट्यांसारखे हिरवे बुडबुडे आले. ते पाण्यातच फुटून फैलावतील या धास्तीने ‘आरोपीस इजा न करता’ चिमट्याने सबंध उचलण्याचा हुकूम सुटला, आणि त्या अटकेचाही मी पंच झालो. पुढे लालसर बुळबुळीत साय पसरली. ती शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू, असे कळताच त्यांची मुद्रा उजळली. अधिकारक्षेत्राचा प्रश्न उपस्थित झाला होता! निराळे दप्तर उघडले गेले. सही अर्थात माझीच.

शेवाळ पोसणारे नायट्रेट आणि फॉस्फेट मुख्यत्वे माशांना घातलेल्या अन्नातून येते, हे मनावर ठसल्यावर त्यांनी नळाचे पाणी बंद करून आरओचे सुरू केले, दिव्याचे तास 10 वरून 7 वर आणले, फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे बसवले आणि खालच्या पेटीत रात्रभर दिवा जाळून कीटोमॉर्फा नावाचे शेवाळच मुद्दाम वाढवले. कारण ते वाढताना नायट्रेट पोटात घेते, आणि मूठभर उपटून फेकले की तेही घराबाहेर पडते. दरोडेखोरालाच गावच्या रखवालीचे वतन देण्याच्या जुन्या मुलकी चातुर्याचाच हा अवतार होता.

तरी फॉस्फेट उतरेना. तेव्हा पंचनाम्यात ‘कारणीभूत इसम’ असा नवा रकाना आला. सूनबाईंचा जबाब झाला, मोलकरणीचा झाला. सहा वर्षांच्या नातवाला, कधीकाळी पेटीत टाकलेल्या शेवेबद्दल, दोनदा हजर व्हावे लागले. अखेर खाद्याचा डबा कुलुपात गेला आणि किल्ली तात्यासाहेबांच्या जानव्याला.

श्रावणातल्या एका रात्री पावसाने गाड्या बंद पडल्या म्हणून मी त्यांच्याकडेच मुक्कामाला राहिलो. दोनच्या सुमारास जाग आली. तात्यासाहेब कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, वाळूत उताण्या पडलेल्या टर्बो गोगलगायी एकेक करून सरळ करीत होते; या जड प्राण्यांना पुष्कळदा आपले आपण उलटता येत नाही. ते झाल्यावर त्यांनी पंच्याला हात पुसला, जानवे पुढे ओढले आणि डबा उघडला. म्हातारा क्लाउनफिश काचेशी आला.

“एवढंच हं,” ते कुजबुजले, “सूनबाईला कळता कामा नये.” चिमूट पडली. मासा हलेना. आणखी एक पडली. मग तिसरी, बहुधा गोगलगायींच्या नावाने.

मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतले. वास्तविक इतक्या वर्षांच्या सह्यांचा सूड घेण्याची ती नामी संधी होती.

सकाळी चहाच्या आधी कागद पुढे आला. कारणीभूत इसम : अज्ञात. तात्यासाहेब खिडकीबाहेर पाऊस पाहत उभे होते. मी सही केली.

“खाली तारीख घाला,” ते न वळताच म्हणाले.